सोमवारी नको, शुक्रवारी द्या राजीनामा

आधी तुमचा प्रश्न थोडक्यात मांडतो. पुण्यातल्या एका खासगी सेवा कंपनीत तुम्ही अकाउंट्समध्ये असिस्टंट मॅनेजर आहात. १९ एप्रिल २०२१ ला रुजू झालात. ग्रॉस पगार ६४,०००, त्यात बेसिक ३२,०००. नोटीस ६० दिवसांची. खात्यावर २६ अर्जित रजा शिल्लक. वर्षाचा इन्सेंटिव्ह साधारण ६०,०००, तो मेच्या पगारासोबत मिळतो. नव्या कंपनीला तुम्ही १ एप्रिलला हवे आहात, म्हणून येत्या सोमवारी, १६ फेब्रुवारी २०२६ ला राजीनामा द्यायचा तुमचा बेत आहे. आणि तुमच्या एचआरने तोंडी सांगितलंय की नोटिशीत रजा मिळणार नाही, उरलेल्या रजा बुडतील आणि बोनसचं नाव काढू नका.

मी बावीस वर्षं पगारपत्रक आणि फुल अँड फायनलचं, म्हणजे नोकरी सोडणाऱ्यांच्या अंतिम हिशेबाचं काम केलं. सुरुवात भोसरीच्या कारखान्यात, नंतर ऑफिसांमध्ये. तुमच्या प्रश्नात रजा, नोटीस आणि बोनस आहे. ज्याबद्दल तुम्ही विचारलंच नाही त्यात सगळ्यात जास्त पैसे अडकलेत. ते म्हणजे ग्रॅच्युइटी, सलग पाच वर्षं नोकरी झाली की सोडताना कंपनीने द्यायची एकरकमी रक्कम.

बोटांवर मोजून बघा. १६ फेब्रुवारीपासून ६० दिवस मोजले तर शेवटचा दिवस येतो १६ एप्रिल. तुमची पाच वर्षं पूर्ण होतात १८ एप्रिलला. म्हणजे पूर्ण नोटीस इमानेइतबारे भरूनही तुम्ही दोन दिवस कमी पडता. पाच वर्षांची ग्रॅच्युइटी म्हणजे ३२,००० गुणिले १५, भागिले २६, गुणिले ५. साधारण ९२,३०० रुपये. आणि १ एप्रिलला तिकडे रुजू झालात तर विषयच संपला.

आता कोणी तुम्हाला सांगेल की चार वर्षं आणि २४० दिवस झाले की ग्रॅच्युइटी मिळते. हे अगदीच हवेतलं नाही. मद्रास उच्च न्यायालयाने तसा अर्थ लावलेला आहे, आणि आठवड्याला सहा दिवसांपेक्षा कमी काम चालणाऱ्या आस्थापनांत २४० ऐवजी १९० दिवस धरतात. पण मी ज्या कंपन्यांचे हिशेब पाहिले त्यांतल्या बहुतेक सरळ पाच वर्षांचा आकडा बघतात आणि 'पात्र नाही' असा शेरा मारून मोकळ्या होतात. मग तुम्ही ग्रॅच्युइटीचे वाद ऐकणाऱ्या सरकारी अधिकाऱ्याकडे अर्ज करा, तारखा घ्या, नव्या नोकरीतून सुट्ट्या काढून हेलपाटे घाला. हा मुद्दा हातात असू द्या, पण त्याच्या भरवशावर बसू नका.

म्हणून शुक्रवार. गुरुवारी १९ तारखेला शिवजयंतीची सुट्टी आहे, ती झाली की २० फेब्रुवारीला पत्र द्या. ६० वा दिवस येतो २० एप्रिल, सोमवार. पाच वर्षं पूर्ण होऊन वर दोन दिवस. काही कंपन्या नोटीस दुसऱ्या दिवसापासून मोजतात. तसं असेल तर २१ एप्रिल, त्यानेही काही बिघडत नाही.

इथे एक तपासणी मात्र आजच करा. एप्रिल २०२१ मध्ये राज्यात 'ब्रेक द चेन'चे निर्बंध होते. त्या काळात रुजू झालेल्या अनेकांच्या नियुक्तिपत्रावर एक तारीख आहे आणि पगारपत्रकात दुसरी, कारण लॅपटॉप घरी पोचला तेव्हा रुजू झाल्याची नोंद झाली. तुमची पहिली पगाराची पावती काढा आणि पीएफच्या पासबुकात रुजू तारीख काय दिसते ते बघा. ती २६ एप्रिल निघाली तर माझं वरचं सगळं गणित आठवड्याने पुढे सरकवा.

दुसरा धोका असा की कंपनी तुम्हाला लवकर सोडू शकते. बहुतेक नियुक्तिपत्रांत नोटीस माफ करून आधीच कार्यमुक्त करण्याचा अधिकार कंपनीने ठेवलेला असतो. साहेब रागीट असेल तर 'उद्यापासून येऊ नका' म्हणेल आणि शेवटची तारीख मार्चमध्येच जाऊन बसेल. अकाउंट्सवाल्यांच्या बाबतीत हे कमी घडतं, कारण मार्चअखेर तोंडावर असते आणि तुमच्याशिवाय ताळेबंद जुळत नाही. तुमच्या जागी विक्री विभागातला कोणी असता तर मी त्याला सरळ १९ एप्रिल उलटल्यावरच पत्र दे म्हटलं असतं. माणसाचा अंदाज तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त आहे, तो घ्या.

राहिली नवी कंपनी. १ एप्रिलऐवजी २१ किंवा २२ एप्रिल मागा. कारण सांगायला लाजू नका: 'माझी ६० दिवसांची नोटीस आहे आणि वर्षअखेरीचं काम पूर्ण करून द्यायचं आहे.' ज्यांनी चार फेऱ्या मुलाखती घेऊन तुम्हाला निवडलं ते तीन आठवड्यांसाठी सहसा ऑफर मागे घेत नाहीत. उलट नोटीस अर्धवट सोडून पळत येणारा माणूस त्यांच्याकडूनही तसाच जाईल, हे त्यांच्या एचआरला कळतं.

आता रजा. तुमच्या एचआरच्या बोलण्यात अर्धं खरं आहे. नोटीस चालू असताना रजा मंजूर करायची की नाही हे कंपनीच्या हातात असतं. कामाचं हस्तांतर व्हावं म्हणून नकार देणं गैर नाही. पण 'रजा बुडतात' हे असं सरसकट म्हणता येत नाही. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यात वर्षात २४० दिवस काम केलेल्या कामगाराला दर २० दिवसांमागे एक दिवस भरपगारी रजा आहे आणि ती ४५ दिवसांपर्यंत साठवता येते. तुमच्या २६ रजा या मर्यादेच्या आत आहेत.

कंपनी म्हणेल, तुम्ही असिस्टंट मॅनेजर आहात, कायदा तुम्हाला लागू नाही. व्यवस्थापकीय आणि देखरेखीची पदं त्यातून वगळलेली आहेत हे खरं. पण व्हिजिटिंग कार्डावर काय छापलंय यापेक्षा तुम्ही दिवसभर काय करता याला वजन असतं. तुमच्या हाताखाली कोणी नाही, तुम्ही व्हाउचर तपासता, जीएसटीची जुळणी करता, बँकेचा मेळ घालता. हे कारकुनी आणि तांत्रिक काम झालं. आजकाल पुण्यात प्रत्येक तिसरा माणूस मॅनेजर आहे, नुसत्या नावाने कोणी व्यवस्थापक होत नाही.

आणि एक बारकावा, जो मी भोसरीत एका जुन्या युनियनवाल्या काकांकडून शिकलो: रजा मागितली आणि नाकारली याचा कागद ठेवायचा. रजेचा अर्ज केला, तो नाकारला गेला आणि मग माणसाने नोकरी सोडली, तर त्या रजेचे पैसे मागायची बाजू फार भक्कम होते. तोंडी 'मिळणार नाही' याला काही किंमत नाही. म्हणून पोर्टलवर रीतसर अर्ज टाका, रजा सुरू व्हायच्या किमान पंधरा दिवस आधी. मंजूर झाली तर घ्या. नाकारली तर तो नकार जपून ठेवा.

कारखान्यातल्या वाचकांसाठी एवढंच की तिथे हा गोंधळ नाही. नोकरी सोडली की न घेतलेल्या अर्जित रजेचे पैसे द्यावेच लागतात.

पैसे किती, हे मात्र नीट समजून घ्या, कारण खरी गंमत इथेच आहे. रजेचा दर बहुतेक कंपन्या बेसिकवर काढतात. कोणी ३० ने भागतं, कोणी २६ ने. तुमचं ३२,००० बेसिक २६ ने भागलं तर दिवसाला १,२३१ रुपये, म्हणजे २६ रजांचे बरोबर ३२,०००. ३० ने भागलं तर २७,७३३. फरक सव्वाचार हजारांचा. तुमच्या कंपनीच्या रजा धोरणात कोणता भाजक लिहिलाय ते शोधा.

नोटिशीचे दिवस कमी पडले तर वसुली कशावर होते? अनेक नियुक्तिपत्रांत ती ग्रॉसवर असते. तुमचा एक दिवस म्हणजे ६४,००० भागिले ३०, २,१३३ रुपये. म्हणजे कंपनी तुमचा दिवस विकत घेते १,२३१ ला आणि तुम्हाला विकते २,१३३ ला! मी स्वतः असे हिशेब शेकड्यांनी केलेत, आणि क्वचितच कुणी पत्र घेऊन विचारायला आलं की दोन्हीकडे वेगळा दर का. विचारायला हवं. नियुक्तिपत्रात 'नोटीस पे' असा मोघम शब्द असेल तर वसुलीही बेसिकवरच करा असा आग्रह धरता येतो, आणि बरेचदा तो मानला जातो.

यावरून एक गोष्ट निघते. ज्याला लवकर निघायचंय त्याने रजेचे पैसे घेऊन नोटिशीचे पैसे भरू नयेत. रजा नोटिशीत वळती करून मागावी. दिवसाला दिवस फिटतो, मधला ९०० रुपयांचा फरक वाचतो. याला कंपनीची संमती लागते, हक्क म्हणून नाही मिळत. पण तुमच्या बाबतीत हीच युक्ती अंगाशी येईल. रजा वळती केली तर शेवटची तारीख मागे येते आणि ग्रॅच्युइटी जाते. तुम्हाला हवी असेल तर 'नोटिशीत घेतलेली रजा' हवी, म्हणजे २० एप्रिलपर्यंत तुम्ही हजेरीपटावर, शेवटचे दहा दिवस घरी. ऐकायला दोन्ही सारखं वाटतं. रिलीव्हिंग लेटरवर तारीख वेगळी पडते.

आणि त्या दहा दिवसांत नव्या कंपनीत रुजू व्हायचा मोह नको. पीएफच्या खात्यात दोन मालकांच्या तारखा एकमेकांवर चढलेल्या दिसतात. नव्या कंपनीची पडताळणी करणारी एजन्सी सगळ्यात आधी तेच बघते.

माझा सल्ला विचाराल तर रजा रोख करून घ्या. नोकरी सोडताना मिळालेल्या रजेच्या रकमेला आयकरात सूट आहे. खासगी नोकरदाराला आयुष्यभरात मिळून २५ लाखांपर्यंत, काही पोटमर्यादा धरून. ही मर्यादा २०२३ मध्ये ३ लाखांवरून वाढली. निवृत्ती म्हणजे फक्त साठीला घरी बसणं नव्हे, राजीनामाही त्यात येतो. तरी कित्येक ठिकाणी पगारपत्रकवाला ती रक्कम नेहमीच्या पगारात मिसळून कर कापतो, कारण सॉफ्टवेअरमध्ये तसा कोड लावलेला असतो. अंतिम हिशेबाचा कागद आला की ही ओळ पहिल्यांदा बघा. नोकरीत असताना रजा विकली तर मात्र तिच्यावर पूर्ण कर लागतो, म्हणून मार्चमध्ये 'आत्ताच काही रजा विकून टाकतो' असं करू नका.

आता बोनस. या एका शब्दात तीन वेगळ्या गोष्टी लपलेल्या असतात आणि एचआर सोयीने त्या एकत्र करतं.

कायद्याचा बोनस तुम्हाला लागू नाही, कारण २०१५ च्या दुरुस्तीपासून त्याची मर्यादा महिना २१,००० पगाराची आहे. पण तुमच्या ऑफिसातल्या शिपायाला, डेटा एंट्रीवाल्या मुलीला तो लागू असेल. त्यांना सांगा: वर्षात किमान ३० दिवस काम केलं असेल तर राजीनामा देऊनही तेवढ्या काळाचा बोनस मिळतो, कमीत कमी ८.३३ टक्के. तो गमावण्याची कारणं कायद्यात मोजकी आहेत, फसवणूक, चोरी, कामाच्या जागी हिंसाचार अशी. राजीनामा त्यात नाही. आर्थिक वर्ष संपल्यापासून आठ महिन्यांत तो द्यायचा असतो, म्हणून दिवाळीच्या आसपास वाटतात. जानेवारीत सोडून गेलेल्या मुलाला दिवाळीत कोणी फोन करून बोलावत नाही. एका गोदामातून गेलेल्या नऊ जणांच्या बोनसची रक्कम 'न दिलेली' म्हणून माझ्याच विभागात पडून होती. मी पत्ते शोधून पत्रं पाठवली तेव्हा चौघे आले. बाकीच्यांना ती फसवणूक वाटली असावी.

दुसरा प्रकार तुमचा इन्सेंटिव्ह. तो करारावर चालतो, कायद्यावर नाही. म्हणून त्यातला शब्द न् शब्द वाचा. '३१ मार्चला नोकरीत असलेले कर्मचारी पात्र' असं लिहिलं असेल तर २० एप्रिलला निघूनही ६०,००० तुमचे आहेत, वर्षभराचं काम तुम्ही केलेलं आहे. 'वाटपाच्या दिवशी नोकरीत असलेले आणि नोटिशीवर नसलेले' असं असेल तर हातचे गेले समजा. ही दुसरी ओळ हल्ली बहुतेक धोरणांत आलेली आहे. ती अन्यायकारक आहे असं मला वाटतं, वर्ष भरून काढल्यावर माणसाचा हिस्सा कापणं बरोबर नाही, पण तुम्ही तिच्यावर सही केलेली आहे. मेअखेरपर्यंत थांबून मग राजीनामा द्यायचा पर्याय कागदावर आहे. त्यासाठी नव्या कंपनीला ऑगस्ट उजाडेपर्यंत ताटकळत ठेवावं लागेल. ते जमणार नाही.

त्यापेक्षा हे ६०,००० नव्या कंपनीकडून मागा. 'तुमच्याकडे येण्यासाठी माझा एवढा इन्सेंटिव्ह बुडतोय' असं धोरणाची प्रत जोडून सांगितलं की जॉइनिंग बोनसच्या रूपात काहीतरी निघतं. मात्र हा बोनसचा तिसरा प्रकार, आणि त्याला दोरी बांधलेली असते: बारा महिन्यांच्या आत सोडलं तर परत करा. ही अट हसण्यावारी नेऊ नका. २०२५ मध्ये विजया बँकेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने तीन वर्षं पूर्ण न करता गेलेल्या अधिकाऱ्याकडून २ लाख घेण्याची अट वैध ठरवली. सार्वजनिक बँकेचं प्रकरण होतं, भरतीचा खर्च वगैरे संदर्भ वेगळे होते, पण 'असल्या बाँडना कोर्टात काही अर्थ नसतो' हे चहाच्या टपरीवरचं ज्ञान आता जपूनच वापरा. सही करण्याआधी दोन बदल मागा. महिने जातील तशी परतफेडीची रक्कम कमी होत जावी. आणि परतफेड हातात पडलेल्या रकमेची असावी. एक लाखाचा बोनस कर कापून तुम्हाला सत्तर-ऐंशी हजारच मिळतो, परत मात्र पूर्ण लाख मागतात, आणि तो भरलेला कर सोडवून घेणं म्हणजे डोकेदुखी.

हिशेब कधी मिळणार? २१ नोव्हेंबर २०२५ पासून वेतन संहिता लागू झाली आणि तिच्यात राजीनाम्यानंतर राहिलेलं वेतन दोन कामकाजी दिवसांत द्यायला सांगितलंय. ग्रॅच्युइटीला ३० दिवसांची मुदत आहे. कंपन्यांना मात्र सगळं मिळून ४५ दिवसांनी द्यायची जुनी सवय आहे, ती एका तारखेने मोडणार नाही. शेवटच्या दिवसानंतर आठवडाभर वाट बघा, मग या तरतुदीचा उल्लेख करून एक सभ्य मेल टाका. भांडायची भाषा नको. 'कृपया माझ्या अंतिम हिशेबाची सविस्तर प्रत पाठवावी' एवढं पुरतं. अडलंच तर कामगार आयुक्त कार्यालय आहे. आणि नोटिशीची वसुली झालीच तर तिच्यावर जीएसटी लावू देऊ नका. २०२२ च्या ऑगस्टमधल्या परिपत्रकाने तो प्रश्न निकाली निघालाय. अकाउंट्सवाल्याला हे मी सांगायला नको, पण तुमच्याच कंपनीत तो अजून लावत असतील तर आश्चर्य वाटणार नाही.

पीएफ काढू नका, वर्ग करा. कंपनीने सोडल्याची तारीख भरली नाही तर शेवटच्या वर्गणीनंतर दोन महिन्यांनी ती पोर्टलवर स्वतःला भरता येते. कंपनीचा आरोग्य विमा सहसा शेवटच्या दिवशी संपतो. आई-वडील त्यात असतील तर त्याची सोय आधी बघा.

पत्र चार ओळींचं असू द्या. कारण 'वैयक्तिक प्रगती' एवढंच, तक्रारी नकोत. पण एक ओळ हवीच: 'नियुक्तिपत्रानुसार ६० दिवसांची नोटीस पूर्ण करून माझा कामाचा शेवटचा दिवस २० एप्रिल २०२६ असेल.' मेलने पाठवा आणि स्वीकृतीही मेलने मागा. २०२४ मध्ये कोकण रेल्वेच्या एका कर्मचाऱ्याचं प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं होतं. राजीनामा स्वीकारल्याचं पत्र त्याच्यापर्यंत पोचलंच नव्हतं, म्हणून त्याला राजीनामा मागे घेता आला. तिथे तो त्रुटीचा फायदा ठरला. तुम्हाला उलट हवंय, तारखेवर दोघांच्या सह्या.

हे सगळं वाचून शुक्रवारी सकाळी थेट पत्र पाठवू नका, आधी एक काम उरतं. अनेक कंपन्यांच्या पोर्टलवर राजीनामा टाकला की रजेचं पान बंद होतं, शिल्लक दिसेनाशी होते, धोरणांची लिंकही उघडत नाही. म्हणून बुधवारी रात्रीच २६ रजा दिसणाऱ्या पानाचा स्क्रीनशॉट, रजा धोरण, इन्सेंटिव्ह धोरण, नियुक्तिपत्र आणि पाच वर्षांच्या पगाराच्या पावत्या घरच्या संगणकावर उतरवून ठेवा. ग्राहकांची किंवा कंपनीची कुठलीही फाइल त्यात येऊ देऊ नका, नाहीतर डेटा चोरला म्हणून तेच हत्यार तुमच्यावर उलटेल. रजेचा अर्जही बुधवारीच टाका, एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्याचा.